आणखी पाव फेरा

बंदुकीवरची दुर्बीण दोन कड्यांत बसते. प्रत्येक कडीच्या माथ्यावर दोन किंवा चार बारीक स्क्रू असतात आणि बुडाशी, ती कडी बंदुकीच्या खाचेला धरून ठेवणारा एखादा जाडसर स्क्रू असतो. सगळे मिळून सहा ते दहा. यांनी गोळी झाडायची नसते, नेम धरायचा नसतो, एक डोळा मिटायचा नसतो. बसवले तिथे बसून राहायचे, एवढेच. नुसते बसून राहण्याची नेमणूक मिळाली की माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत जागचा हलत नाही. स्क्रू मात्र तिसऱ्याच रविवारी उठतो.

हा विषय यावलला अभ्यासण्याजोगा आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये केळी, असा हा तालुका. भुसावळच्या पलीकडे वरणगावला १९६४ पासून लष्करासाठी काडतुसे बनवणारा कारखाना आहे, आणि यात्रेच्या दिवसांत फुगे फोडायची बंदूक गावोगाव हिंडते. राष्ट्रसंरक्षण आणि फुगे या दोन टोकांच्या मध्ये जो उरतो, तो हौशी नेमबाज. त्याच्याकडे छर्‍याची बंदूक असते, मातीच्या उंच बांधाला टेकवलेला तेलाचा रिकामा डबा असतो, कामाला न गेल्याचे कारण असते आणि पुण्याच्या मेव्हण्याने पाठवलेली दुर्बीण असते. दुर्बीण येण्यापूर्वी तो डबा बरा टिपत असे. पण दुर्बीण आल्यावर पूर्वीचे नेम हे केवळ योगायोग होते, असे त्याला वाटू लागते.

रोगाची लक्षणे ठरलेली असतात. पहिला छर्रा डब्याच्या मधोमध लागतो. बघणारे 'वा' म्हणतात. पाचवा थोडा डावीकडे जातो, दहावा डब्याच्या कडेला लागतो आणि पंधराव्याला डबा काही बोलतच नाही, बांधावरची माती उडते. यानंतर कारणांचा शोध सुरू होतो. त्याचाही क्रम सहसा बदलत नाही. प्रथम वारा: पुरावा म्हणून केळीची पाने दाखवली जातात, ती नेहमीच हलत असतात. मग छर्‍यांतली भेसळ. मग पाठीमागे उभे राहून श्वास घेणारा शेजारी. शेवटी तिथी. स्क्रूचे नाव या यादीत कधीच नसते. कोणी चुकून घेतलेच, तर संभाषण असे होते :

"दुर्बीण हालून राह्यली का रे भो?"

"दुर्बीण कशी हालीन? मी सोता आवळेल हाये!"

'मी सोता आवळेल हाये' या वाक्यापुढे चौकशी जात नाही. नळ गळत असो, पंखा डुगडुगत असो, पंपाच्या पायातला बोल्ट शेतात सापडलेला असो, ज्याने स्वतः आवळला त्याच्या दृष्टीने तो बोल्ट कायमचा आवळलेला असतो.

चूक किती लहान आणि फळ किती मोठे, हे साध्या गणिताने कळते. दोन कड्यांमध्ये दहा सेंटिमीटर अंतर धरावे. त्यातली एक कडी वहीच्या पानाच्या जाडीइतकी, म्हणजे एक दशांश मिलिमीटर बाजूला सरकली, तर २५ मीटरवरच्या डब्यावर छर्रा अडीच सेंटिमीटर सरकतो. १०० मीटरवर रायफलीची गोळी १० सेंटिमीटर सरकते. वहीचे पान डोळ्यांना दिसते, कारण ते वहीत असते. कडीखाली सरकलेले तेवढेच अंतर दिसत नाही, कारण तिकडे कोणी पाहत नाही.

पाहण्याऐवजी दुर्बिणीच्या खुंट्या फिरवल्या जातात. दुर्बिणीवर दोन खुंट्या असतात, एक वर-खाली करायला आणि एक डावी-उजवी करायला. बहुतेक दुर्बिणींत खुंटीचा एक खटका २५ मीटरवर जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक करतो. म्हणजे कडी पानाच्या जाडीइतकी सरकली, की हिशेब जुळवायला चौदा खटके लागतात. नेमबाज चौदा खटके मारतो आणि नेम परत मधोमध आणतो. आपल्याला यंत्र कळते, अशी त्याची खात्री पटते. पुढच्या रविवारी धक्क्याने कडी मूळ जागी येते. आता चौदा खटके उलटे. असे दोन-तीन महिने चालले की डब्याला मधोमध सोडून सगळीकडे भोके पडतात आणि खुंटीचे खटके झिजून गुळगुळीत होतात. ढिल्या स्क्रूमागे खुंटी फिरवत धावणे हा या छंदाचा सर्वांत प्रिय प्रकार आहे. त्यात माणूस सतत काहीतरी करत असतो आणि करायचे तेवढेच राहून जाते.

आता कारणे. घट्ट आवळलेला बोल्ट हा मुळात ताणलेल्या रबरासारखा असतो. आवळताना तो केसभर लांब होतो, परत आखूड व्हायला बघतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. धरून ठेवणारी गोष्ट ती ओढ आहे, आटे नव्हेत. पण हाताचा सगळा जोर ओढीत जात नाही. ढोबळ हिशेब असा, की जोराचा निम्मा भाग स्क्रूच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, शेकडा चाळीस आट्यांच्या घर्षणात जातो आणि खऱ्या कामाला दहा उरतात. केळी पिकवणाऱ्याला हे प्रमाण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हे घर्षण पार पळवून लावणारी शक्ती म्हणजे आडवे हादरे. बोल्ट उभ्या ओढीने सहसा सुटत नाही. जोडलेले भाग आडवे घसरू लागले की तो स्वतःच फिरून मोकळा होतो. १९६९ मध्ये गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने हे यंत्रावर दाखवून दिले आणि आजही बोल्टची परीक्षा त्याच्या नावाच्या चाचणीने घेतली जाते. या चाचणीत सर्वांत जास्त अब्रू गेली ती स्प्रिंग वायसरची. हादऱ्यांपुढे तो फारसे काही करत नाही, असे दिसून आले. ही बातमी अजून हार्डवेअरच्या दुकानांपर्यंत पोचलेली नाही. तिथे प्रत्येक दुखण्यावर अजून "एक स्प्रिंग वायसर टाका" हेच औषध मिळते.

छर्‍याच्या बंदुकीची गंमत अशी, की ती लहान असून हादऱ्यांत मोठीला भारी पडते. मोठी रायफल एकदाच मागे धक्का देते. स्प्रिंगच्या छर्‍याच्या बंदुकीत आतला दट्ट्या पुढे धावतो, तेव्हा बंदूक मागे जाते. दट्ट्या टोकाला जाऊन थडकला, की ती पुढे उसळते. छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच हे दोन्ही प्रकार उरकलेले असतात. मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षे टिकलेल्या दुर्बिणी या बंदुकीवर काही दिवसांत खिळखिळ्या होतात, म्हणून तिच्यासाठी वेगळ्या दुर्बिणी बनवतात. खाचेत कडी मागे सरकू नये म्हणून एक अडणीची पिनही देतात. ती पिन डब्यातल्या छोट्या पिशवीत असते, आणि ती पिशवी "हे काहीतरी जास्तीचं दिलंय" म्हणून टाकून दिलेली असते.

हवामानही स्क्रूच्या बाजूने नसते. कड्या सहसा अल्युमिनियमच्या आणि स्क्रू पोलादाचे. उष्णतेने अल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतो. मे महिन्यात ४५-४६ अंशांत पत्र्याच्या खोलीत उभी असलेली बंदूक डिसेंबरात हरभऱ्याला पाणी द्यायच्या रात्री शेतावर नेली, तर कडी आणि स्क्रू यांचे एकमेकांशी पटण्याचे काही कारण उरत नाही.

याहून मोठे कारण मात्र माणसाचा हात. कडीच्या माथ्यावरच्या स्क्रूला साधारण दोन न्यूटन-मीटर जोर पुरतो. म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दोन किलो केळी टांगली की झाले. पण खानदेशातला हात घडलेला असतो ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आणि विहिरीवरच्या पंपाचे बोल्ट आवळून. तिथे याच्या शंभरपट तरी जोर लागतो आणि पान्यावर उभे राहूनही भागले नाही तर पान्यात पाइप घालतात. तोच हात आता करंगळीएवढ्या पान्याशी येतो. स्क्रू बसतो, नीट बसतो. तेव्हा हात म्हणतो, आणखी पाव फेरा.

त्या पाव फेऱ्यात मनुष्यस्वभावाची सगळी मेख आहे. मीठ पुरेसे असताना चिमूटभर जास्त टाकणारा, लिफाफ्याला डिंक लावून वर चिकटपट्टी मारणारा, निरोप देऊन झाल्यावर "काय सांगितलं ते सांग बरं" म्हणणारा, हे सगळे त्याच पंथाचे. पुरेसे म्हणजे पुरेसे, यावर कोणाचा विश्वास नसतो. स्क्रू पाहुणे जमलेल्या घरातला असेल तर पाव फेरा प्रत्येकाकडून मिळतो. मालक पाव देतो. थोरला भाऊ "दे इकडं" म्हणून पाव देतो. शेजारी नुसता बघायला आलेला असतो, तोही पाव देतो. तीन पावांचा पाऊण फेरा होतो आणि त्या फेऱ्यात आटे जातात. तेव्हा 'कट्' असा बारीक आवाज येतो आणि स्क्रू एकदम हलका फिरू लागतो.

"आता कसा गोड बसला!" शेजारी म्हणतो आणि चहाला थांबतो.

आटे जाणे हा या कथेचा मध्य, शेवट नव्हे. फिरत राहणारा स्क्रू बाहेर काढताना त्याच्या डोक्यातला षट्कोन गोल होतो. त्यात मग टेस्टर ठोकतात, टेस्टरचे टोक आत तुटते, तुटलेले टोक पकडीने ओढताना पकड घसरते आणि दुर्बिणीच्या भिंगावर ओरखडा येतो. ड्रिल मशीन आणले जाते. ते आणणाऱ्याला घाई असते, त्यामुळे भोक तिरपे पडते. शेवटी प्रकरण वेल्डिंगच्या दुकानात जाते. वेल्डर काळा चष्मा कपाळावर सरकवून वस्तू उलटीपालटी करून बघतो आणि एकच प्रश्न विचारतो :

"यातलं वाचवायचं काय हाये, दुर्बीण का बंदूक?"

आटे शाबूत राहिले तरी पाव फेरा आपले काम करतोच. दुर्बिणीची नळी अल्युमिनियमची आणि पातळ असते. जास्त आवळलेली कडी ती दाबते, नळीला वळ पडतो, आतली भिंगे अडकतात आणि खुंटी फिरवली तरी काही हलत नाही. म्हणजे कमी आवळले तर दुर्बीण हलते आणि जास्त आवळले तर हलायला हवे तेही हलत नाही.

स्क्रू हरवला तर दुसरा शोधण्याचा विधी होतो. प्रत्येक घरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो आणि त्यात आजोबांपासून जमलेले नट-बोल्ट असतात. आट्यांची मापे प्रत्येक कारखान्यात वेगळी असू नयेत म्हणून जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये एक सामाईक माप सुचवले. बिस्किटांच्या डब्याने ते अद्याप मान्य केलेले नाही. त्यात इंचाचे आटे आणि मिलिमीटरचे आटे एकत्र सुखाने नांदतात. चार मिलिमीटरचा स्क्रू आणि त्याच्याच जाडीचा इंची स्क्रू डोळ्यांना सारखेच दिसतात. चुकीचा असला तरी दोन फेरे सुरळीत जातो, तिसऱ्याला अडतो. इथे शहाणा माणूस थांबतो. बाकीचे म्हणतात, जरा जोर लावा, नवीन आहे, बसेल.

यानंतर चिकटवणारे येतात. सुतळी गुंडाळणारे, नळाची पांढरी टेप लावणारे, झटपट गोंद ओतणारे आणि "ग्रीस लावा, गंज धरणार नाही" म्हणणारे. शेवटचा सल्ला दिसतो निरुपद्रवी, पण सर्वांत महाग पडतो. ओल्या आट्यांत घर्षण कमी होते, त्यामुळे तेवढ्याच जोरात ओढ कितीतरी जास्त बसते आणि स्क्रू तुटतो. गोंद ओतणाऱ्याचा एक थेंब हमखास भिंगावर पडतो. त्या दिवसापासून दुर्बिणीतून डबे दोन दिसतात आणि नेम लागण्याची शक्यता दुप्पट झाल्याचे समाधान मिळते.

खरे औषध वेगळेच आहे. १९५३ च्या सुमारास अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात व्हर्नन क्रीबल नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने असा द्रव तयार केला, जो हवा असेपर्यंत पातळ राहतो आणि धातूच्या फटीत हवा तुटली की घट्ट होतो. पुढे तो लॉकटाइट या नावाने जगभर गेला. त्याचा निळा प्रकार मध्यम पकडीचा, साध्या पान्याने सुटणारा. लाल प्रकार कायमचा. तो सोडवायला सुमारे २५० अंश उष्णता द्यावी लागते आणि ती जळगाव जिल्ह्याच्या मे महिन्यातही मिळत नाही. या द्रवाला घट्ट न होण्यासाठी हवा लागते, म्हणून बाटली मुद्दाम पूर्ण भरत नाहीत. या एका गोष्टीने दुकानदारांना जेवढा मनस्ताप दिला तेवढा उधारीनेही दिला नसेल.

"बाटली अर्धीच हाये."

"अशीच येते भाऊ. वर हवा लागते तिले."

"हवेचे पैसे कापा मंग."

दुकानदार दुसरी बाटली दाखवतो, तीही अर्धीच. तिसरीही. मग गिऱ्हाईक अर्ध्या बाटल्यांच्या कारस्थानाची बातमी घेऊन बाहेर पडते आणि जाताना लाल रंगाची घेऊन जाते, कारण लाल जास्त पक्के, असे त्याला कळलेले असते.

बसवण्याची योग्य रीत चार ओळींची आहे. बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. स्क्रू आणि भोके स्पिरिटने पुसून तेलकटपणा घालवावा. खालचा पाया थेट बंदुकीवर स्क्रूने बसवायचा असेल, तर त्या स्क्रूंना निळ्या औषधाचा एक थेंब पुरतो. माथ्यावरच्या स्क्रूंना ते लावू नये, असे अनेक दुर्बीण बनवणारे सांगतात, कारण ओल्या आट्यांत जोराचा अंदाज चुकतो. अडणीची पिन जागेवर बसवावी, चारही स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरच्या जोडीने आवळावेत, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवाव्यात. जोर मोजणारा टॉर्क पाना असेल तर त्याचा 'टक्' ऐकून थांबावे. यावलमध्ये अडते ते इथेच. 'टक्' ऐकल्यावर थांबणे हा त्या पान्याचा उपयोग आहे, हे पान्याला माहीत असते. हाताला तो 'चालू ठेवा' असा इशारा वाटतो.

शेवटची पायरी सर्वांत स्वस्त. स्क्रूच्या डोक्यावरून कडीवर जाईल अशी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढावी. स्क्रू फिरला की रेघ तुटते. मग तर्क नको, वारा नको, तिथी नको. या उपायाला घरातून विरोध होतो.

"माही नवी बाटली बंदुकीले लावली?"

"एकच थेंब घेतला."

"मंग एकाच बोटाले लावून जाऊ का मी लग्नाले?"

तरीही ही पद्धत टिकते. महिन्याभराने दिवाळीच्या साफसफाईत बंदूक पुसताना "तुमची रेघ तुटलीय हो" हे वाक्य त्याच तोंडून येते. नेमबाज तोपर्यंत छर्‍यांची चौथी डबी बदलत असतो.

रोज रेघ पाहण्याचा धर्म याच परिसरात कोणी पाळत नाही, असे नाही. भुसावळ हे मध्य रेल्वेचे मोठे जंक्शन. तिथल्या रुळांवर चावीवाला, म्हणजे कीमन, हातोडा आणि पाना घेऊन आपल्या हद्दीतला मार्ग रोज पायी तपासतो. ढिली चावी ठोकतो, सैल बोल्ट आवळतो. काल आवळला होता, हे कारण त्याच्या खात्यात चालत नाही. काल आणि आज यांच्या मध्ये अनेक गाड्या गेलेल्या असतात. हौशी नेमबाज त्याच रुळावरून निश्चिंत झोपून मुंबईला जातो आणि परत आल्यावर सांगतो, की स्क्रू एकदा आवळला की बघायची गरज नसते.

मध्य रेल्वेचेच दुसरे उदाहरण जास्त प्रसिद्ध आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेऊन आला. तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्या प्रकारात निशाण्यातला दहा गुणांचा गोल १०.४ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि दुर्बीण लावायला परवानगी नसते. बारीक भोकाच्या साध्या माशीतून नेम धरायचा. ही माहिती यावलच्या बांधावर पोचली, तेव्हा तेलाच्या डब्यासमोर बसलेल्या मंडळींनी तिचा अर्थ ताबडतोब लावला :

"दुर्बीणच नव्हती भो त्याच्याजवळ. ढिलं व्हईन काय?"

त्या साध्या माशीलाही स्क्रू असतात, हे कोणाला सांगण्यात अर्थ नव्हता.

एकूण निष्कर्ष थोडक्यात. स्क्रू कोरडा असावा, जोर मोजून द्यावा, रेघ ओढावी, पहिल्या पन्नास-साठ छर्‍यांनंतर एकदा आणि पुढे प्रत्येक वेळी बंदूक हातात घेतल्यावर ती रेघ पाहावी. नेम चुकला तर खुंटीला हात लावण्यापूर्वी कडीला लावावा. काम झाल्यावर पाना खिशात ठेवावा आणि शेजारी कितीही प्रेमाने "दे इकडं" म्हणाला, तरी त्याला फक्त चहा द्यावा.